बापलेकांचं भांडण वाचायचं कसं: पेन्सिल आणि वही घेऊन बसणाऱ्यांसाठी

साहित्यातल्या बापलेकांवर लिहायला किंवा बोलायला बसलं की बहुतेक जण पहिल्या पाच मिनिटांत 'दोन पिढ्यांमधलं अंतर' या शब्दांपाशी येतात आणि तिथेच मुक्काम ठोकतात. ते चूक नाही, पण त्याने काही उलगडतही नाही. अंतर सगळ्याच बापलेकांत असतं. मग एक मुलगा शंभर पानांचं पत्र लिहितो, दुसरा शत्रूच्या छावणीत जातो आणि तिसरा स्वतःचं तारुण्य बापाला देऊन टाकतो, हे का?

पुढे दिलेली रीत एम.ए.च्या विद्यार्थ्याला चालेल, वाचनकट्ट्याला चालेल आणि एकट्याने वाचणाऱ्यालाही चालेल. तिच्यामागचा विचार एवढाच की बापलेकांचं भांडण आधी देण्याघेण्यात शोधावं आणि त्या देण्याघेण्याची वही कोणाच्या हातात आहे ते बघावं. प्रेम, तिरस्कार, अहंकार हे सगळं त्या वहीतूनच बाहेर येतं, आणि ओढून आणलेलं वाटत नाही.

पायरी १: तीन पुस्तकं निवडा, पण तिन्हींत बोलणारा वेगळा हवा

एकाच छापाची पाच पुस्तकं वाचण्यापेक्षा तीन वेगवेगळी घ्या. एकात मुलगा बोलत असावा, दुसऱ्यात बाप. तिसऱ्यात बोलणारा या दोघांच्या बाहेर उभा असावा, किंवा ते नाटक असावं, म्हणजे प्रत्येक जण आपापलं बोलतो.

मुलगा बोलतो अशांत प्रागच्या जर्मन लेखक फ्रान्झ काफ्काचं वडिलांना लिहिलेलं पत्र किंवा नेमाड्यांची 'कोसला' (१९६३). बाप बोलतो अशांत खांडेकरांची 'ययाति' (१९५९). बाहेरून बघणारा म्हणून रशियन लेखक तुर्गेनेव्हची 'वडील आणि मुलं' (१८६२). नाटकांत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते' (१९६२) किंवा तेंडुलकरांचं 'गिधाडे'. वेळ कमी असेल तर काफ्का, 'ययाति' आणि 'रायगडाला' घ्या. काफ्काचं पत्र एका सुट्टीच्या दिवसात संपतं. 'ययाति'ला आठवडा द्या.

'नटसम्राट' (१९७०) मी मुद्दाम पहिल्या तिनांत धरलेलं नाही. ते बापाचं नाटक आहे, मुलाचं नव्हे. गणपतराव बेलवलकरांच्या स्वगतांसमोर मुलगा नंदा इतका फिका आहे की बापाच्या बाजूने रडून झाल्यावर मुलाबद्दल बोलायला काही उरत नाही. आधी दुसरं वाचा, मग त्याकडे या.

पायरी २: वही कोणाच्या हातात आहे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

फ्रान्झ काफ्काने नोव्हेंबर १९१९ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, वडिलांना पत्र लिहायला घेतलं. युली वोरिझेकशी ठरलेलं त्याचं लग्न वडील हेरमान यांना पसंत नव्हतं, एवढं निमित्त. 'तू मला का घाबरतोस?' असं वडिलांनी विचारलं होतं. तोंडी उत्तर देता आलं नाही, आणि त्याचं एक कारण ही भीतीच होती, म्हणून लिहितो, अशी पत्राची सुरुवात आहे. तिथून हस्तलिखित शंभर पानांच्या घरात जातं.

पत्रातले दोन प्रसंग कोणीही विसरत नाही. लहानगा फ्रान्झ रात्री पाण्यासाठी कुरकुरतो. धाक दाखवून उपयोग होत नाही तेव्हा वडील त्याला उचलतात आणि अंगणाकडच्या गॅलरीत रात्रीच्या सदऱ्यावर एकटं उभं करून दार लावून घेतात. दुसरा प्रसंग जेवणाच्या टेबलावरचा. पाव सरळ कापायचा, पण वडिलांची सुरी रश्श्याने निथळत असली तरी चालते. खाली सांडायचं नाही, पण सगळ्यात जास्त सांडलेलं वडिलांच्या पायाखाली सापडतं. नियम करणारा स्वतः नियमाबाहेर. मुलाच्या डोक्यात या घराचा जो नकाशा तयार झाला तो इथे दिसतो.

आता पेन्सिल हातात घ्या. मुलगा स्वतःबद्दल सांगतो तिथे समासात 'मु' लिहा. वडिलांचे शब्द जसेच्या तसे आलेत असं वाटतं तिथे 'बा'. आणि मुलगा आठवणीतून वडिलांच्या तोंडी शब्द घालतो तिथे प्रश्नचिन्ह. पत्र संपेपर्यंत 'बा' अगदी तुरळक उरलेले दिसतील आणि प्रश्नचिन्हांनी समास भरलेला असेल. शेवटी तर काफ्का वडिलांचं संपूर्ण उत्तरच स्वतः लिहून टाकतो. त्यात वडील त्याला बांडगूळ ठरवतात, तुझी लढाई चावून रक्त शोषणाऱ्या किड्याची आहे असं म्हणतात. पत्रातला बापाचा सगळ्यात धारदार युक्तिवाद असा मुलाच्या लेखणीतून आलेला आहे. तो निष्पक्ष आहे का? नाही. पण इतका ताकदीचा आहे की हा मुलगा बापाच्या बाजूने किती खोल विचार करू शकत होता ते कळतं. मला या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते, गॅलरी नव्हे.

काफ्काचा मित्र माक्स ब्रोड सांगतो त्याप्रमाणे पत्र वडिलांना देण्यासाठी आईकडे सोपवलं गेलं आणि तिने ते परत केलं. हेरमान १९३१ साली वारले, मुलाच्या सात वर्षांनंतर. पत्र पूर्ण छापलं गेलं १९५२ साली. ज्याच्यावर खटला भरला त्याला समन्सच पोचलं नाही, आणि निकाल मात्र आपण वाचक गेली सत्तर वर्षं देत आलो आहोत.

काफ्काने पत्र लिहिलं त्याच्या चारच वर्षं आधी, १९१५ साली, हरिलाल गांधींनीही आपल्या वडिलांना लांबलचक तक्रारपत्र लिहिलं होतं. त्यांनी ते छापून ओळखीच्या लोकांत वाटलं. दोन पत्रं शेजारी ठेवून विचार करा: एक पोचलं नाही, दुसरं चारचौघांत वाटलं गेलं. घरातला हिशेब चव्हाट्यावर मांडण्याची गरज कोणाला वाटते? ज्याचा बाप आधीच साऱ्या लोकांचा झालेला असतो त्याला. अजित दळवींचं 'गांधी विरुद्ध गांधी' हे नाटक बघितलं असेल तर ते या जागी आठवा.

आता उलट बाजू. 'ययाति'त तीन जण स्वतःची कहाणी सांगतात: ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. पुरू सांगत नाही. बापाला तारुण्य द्यायला जो पुढे येतो त्याच्या वाट्याला कादंबरीत स्वतःचं एक प्रकरणही नाही. खांडेकरांनी हे जाणूनबुजून केलं का, यावर वाद घालत बसू नका. नोंद करा आणि पुढे चला, शेवटच्या पायरीला लागेल.

पायरी ३: देणं-घेणं लिहून काढा

वहीचं एक पान उभं दुभागा. डावीकडे 'बापाने दिलं', उजवीकडे 'मुलाने दिलं'. फी, जमीन, गादी, आडनाव, मार, पुस्तक, तारुण्य, जे सापडेल ते लिहा. भावना लिहायच्या नाहीत.

सुरुवात कठोपनिषदापासून करा, कारण तिथे सगळं उघड्यावर आहे. वाजश्रवस यज्ञ करतो आणि सर्वस्व दान द्यायला निघतो. छोटा नचिकेत बघतो की दानाच्या गाई 'पीतोदका जग्धतृणा दुग्धदोहा निरिन्द्रियाः' आहेत: पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध देऊन झालेल्या, निकामी. मग तो विचारतो, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. बाप भडकतो: 'मृत्यवे त्वा ददामि.' तत्त्वज्ञान पुढचं, आधी मुलाने बापाच्या दानातला खोट पकडलेला आहे. आणि यमाकडे मागितलेला पहिला वर काय? बापाचा राग शांत होवो आणि मी परत गेलो की त्याने मला ओळखावं. आत्मज्ञान तिसऱ्या क्रमांकावर आहे. शिक्षक हा क्रम सांगून पुढे जातात, पण बापलेकांच्या वाचनाला तो सोन्यासारखा आहे.

मग महाभारतातला ययाती. शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारपण आलं, म्हणून तो पोरांकडे तारुण्य उसनं मागतो. यदू, तुर्वसू, द्रुह्यू, अनू नकार देतात आणि शाप खातात. पुरू देतो. मुदत हजार वर्षं, आणि मोबदला म्हणून शेवटी राज्य धाकट्याला. इतका स्वच्छ करारनामा दुसऱ्या कुठल्या बापलेकात सापडणार नाही.

'कोसला'त पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला येतो, वडिलांच्या पैशांवर राहतो, होस्टेलात पैसे उडवतो, नापास होतो आणि गावी परततो. इथे डावा रकाना रुपयांनी भरतो आणि उजवा जवळजवळ रिकामा राहतो. त्या रिकाम्या रकान्याची लाज वाटतेय, पण लाज वाटतेय हे कबूल करायचं नाही, असा त्याच्या बोलण्याचा सूर आहे. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'च्या आड तो बऱ्याचदा हेच लपवतो. मधे मनीचा, धाकट्या बहिणीचा, मृत्यू येतो आणि हिशेब काही काळ थांबतो. तो कुठे थांबतो त्या पानावर खूण करा.

'गिधाडे'त मुलं दारू पिऊन बापाला मारतात, कारण त्याने पैसे दडवलेत असा त्यांना संशय आहे. या बापाने स्वतःच्या भावाला धंद्यात लुबाडलेलं असतं. हे नाटक कोणालाही सहानुभूती देत नाही, आणि म्हणूनच दोन रकाने भरण्याचा सराव करायला चांगलं आहे. रंगमंचावर आलं तेव्हा सेन्सॉरचा वाद फार गाजला. पण चर्चा त्या वादावरच घसरली तर नाटक हातातून निसटतं, हे वाचनकट्टा चालवणाऱ्याने लक्षात ठेवावं.

एक सावधगिरी. शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी' या आत्मकथनाला (१९८४) हे पान पुरत नाही. बाप पाटील, आई दलित, आणि मुलापुढे प्रश्न की शाळेत बापाचं नाव काय सांगायचं. डाव्या रकान्यात नावही येत नाही. तिथे बापलेकांचं भांडण शोधू नका. भांडायला निदान समोरासमोर यावं लागतं, आणि या बापाने तेवढंही दिलेलं नाही. असं पुस्तक या रीतीत कोंबण्यापेक्षा वेगळं वाचावं.

पायरी ४: हातातून हातात जाणारी वस्तू पकडा

मोठी भांडणं लेखक ओरडून सांगतो. छोटी आपल्याला शोधावी लागतात, आणि ती बहुतेक एखाद्या वस्तूपाशी असतात.

तुर्गेनेव्हच्या कादंबरीत निकोलाय पेत्रोविच पुश्किन वाचत बसलेला असतो. मुलगा अर्कादी येतो, हसतमुखाने, अलगद त्याच्या हातातून ते पुस्तक काढून घेतो आणि जागी ब्युखनरचं भौतिकवादावरचं जर्मन पुस्तक ठेवतो. आवाज चढत नाही, कोणी रागावत नाही. मला तरी हा प्रसंग त्याच कादंबरीतल्या द्वंद्वयुद्धापेक्षा जास्त क्रूर वाटतो.

काफ्काकडे याचा उलटा प्रसंग आहे. मुलगा आपलं नवं पुस्तक घेऊन येतो, आणि वडील पत्ते खेळता खेळता म्हणतात, ठेव पलंगाशेजारच्या टेबलावर. त्या काळात त्याने कथांचा एक संग्रह वडिलांना अर्पणही केला होता.

दोन्हीकडे वस्तू पुस्तकच आहे. एकात मुलगा काढून घेतो, दुसऱ्यात बाप घेत नाही. तुमच्या निवडीत अशी वस्तू शोधा: ताट, चावी, तलवार, घड्याळ, काहीही. एका पुस्तकात एक सापडली तरी पुरे.

पायरी ५: मधे कोण उभं आहे?

बापलेक फार क्वचित एकमेकांशी थेट बोलतात, आणि ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे 'बाबांना सांग' आणि 'त्याला म्हणावं' यांच्यावर निम्मा संसार चालतो. साहित्यातही निरोप्या बघा. काफ्काचं पत्र आईच्या हातात थांबलं. तुर्गेनेव्हच्या कादंबरीत अर्कादीचा मित्र बाझारोव्ह तीन वर्षांनी घरी येतो आणि तीन दिवसांत निघतो तेव्हा त्याचा म्हातारा बाप वासिली इवानोविच मुलाला धड थांबही म्हणू शकत नाही. तो गेल्यावर बापाचं सांत्वन करते ती आई, अरीना व्लास्येव्हना.

मधल्या माणसाचा तोटा असा की दोष त्याच्यावर ढकलणं सोपं होतं. संभाजीराजांच्या कथेत सोयराबाईंवर किती ओझं टाकलं गेलंय ते बघा, 'नटसम्राट'मध्ये सुनेवर. ज्या पुस्तकात सगळा दोष बाईवर येतो तिथे लेखक बापलेकांना वाचवत नाही ना, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा.

पायरी ६: आजोबा शोधा

ही पायरी छोटी आहे, पण चुकवू नका. बाप हाही कुणाचा तरी मुलगा होता, आणि चांगला लेखक हे कुठेतरी सोडून जातो. हेरमान काफ्का खेड्यातल्या खाटकाचा मुलगा. सातव्या वर्षी गावोगाव हातगाडी ढकलली, हिवाळ्यात पायांना जखमा असायच्या, बटाटे मिळाले तरी आनंद, हे तो मुलांना पुन्हा पुन्हा ऐकवायचा. मुलाला ते टोमणे वाटायचे. खांडेकरांच्या कादंबरीत ययाती आधी नहुषाचा मुलगा म्हणून भेटतो. या नहुषाची मुलं कधीही सुखी होणार नाहीत हा शाप, आणि तो टाळण्यासाठी घर सोडून गेलेला थोरला भाऊ यती. पुरूपर्यंत पोचेस्तोवर हे कर्ज तिसऱ्या पिढीत गेलेलं असतं.

पायरी ७: ऐतिहासिक नाटक असेल तर दोन वह्या करा

'रायगडाला जेव्हा जाग येते' वाचताना ही पायरी सक्तीची समजा. एका वहीत इतिहास, दुसरीत नाटक, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू द्यायच्या नाहीत.

इतिहासाच्या वहीत थोडक्या नोंदी पुरतात. संभाजीराजांचा जन्म १६५७. आई सईबाई १६५९ साली गेल्या. राज्याभिषेक ६ जून १६७४. डिसेंबर १६७८ मध्ये युवराज मोगलांच्या दिलेरखानाला जाऊन मिळाले, साधारण वर्षभराने परतले, पन्हाळ्यावर वडिलांशी भेट झाली. ३ एप्रिल १६८० रोजी महाराज रायगडावर वारले तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. ते दिलेरखानाकडे का गेले, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. ज्या बखरींनी त्यांची प्रतिमा काळी केली त्यांतली मल्हार रामराव चिटणिसांची बखर तर या घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. वा. सी. बेंद्र्यांचं चरित्र १९६० साली आलं आणि चित्र पालटायला लागलं. कानेटकरांचं नाटक त्यानंतर दोनच वर्षांनी आलं, हे ध्यानात धरा. आणखी एक नोंद: संभाजीराजांच्या नावे असलेल्या 'बुधभूषण' या संस्कृत ग्रंथात आजोबांची आणि वडिलांची स्तुती आहे.

नाटकाच्या वहीत मात्र एकच प्रश्न: राजा आणि बाप ही दोन माणसं कुठल्या प्रवेशात एका अंगात मावत नाहीत? कानेटकरांचं यश तिथे आहे. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी बघितलेली पिढी अजूनही भूमिकेबद्दलच बोलते, आणि ते ऐकायला छान वाटतं, पण तुमचं काम संहितेशी आहे. नाटकातलं वाक्य इतिहास म्हणून पुढे ढकललेलं फिरत असतं. निदान आपल्या टिपणात तरी ते होऊ देऊ नका.

तुर्गेनेव्हसाठी इतकं नको. कथा १८५९ सालच्या मे महिन्यात सुरू होते आणि रशियातली भूदासप्रथा १८६१ साली रद्द झाली, एवढं वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहा. बापाच्या हातची जमीन आणि माणसं सुटण्याच्या बेतात असताना मुलगा घरी आलेला आहे.

पायरी ८: शेवटी कोण मरतं?

ग्रीकांकडे इडिपस बापाला मारतो. आपल्याकडे पुरू म्हातारपण घेतो, देवव्रत बापाच्या लग्नासाठी राज्य आणि संसार सोडून भीष्म होतो. कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी हा फरक नीट मांडला: भारतीय कथांत बहुधा मुलगा बापापुढे स्वतःचं काही सोडतो. हे सूत्र हाताशी ठेवा, पण ते सगळीकडे लागू पडेल असं धरू नका. 'गिधाडे' त्यात बसत नाही. उलट १९१२ च्या सप्टेंबरात काफ्काने एका रात्रीत लिहिलेली 'निकाल' ही कथा बरोबर बसते: म्हातारा बाप मुलाला बुडून मरण्याची शिक्षा सुनावतो आणि मुलगा धावत जाऊन पुलावरून उडी टाकतो. प्रागचा हा लेखक आपल्या पुरूच्या इतका जवळ यावा, हे मला दरवेळी चकित करतं.

पायरी ९: गैरहजर माणसाचं एक पान लिहा

आता दुसऱ्या पायरीतली नोंद काढा. ज्याला बोलायला मिळालं नाही त्याच्या बाजूने एक पान लिहा, प्रथमपुरुषी, तीनशे शब्दांच्या आत. हेरमान काफ्का गॅलरीची ती रात्र सांगतोय. पुरू आपलं न लिहिलेलं प्रकरण सांगतोय. 'कोसला'तले वडील गावाहून मनिऑर्डर पाठवताना काय म्हणाले असते?

नियम दोन. पुस्तकात नसलेली नवी घटना घालायची नाही, आहे त्याच घटना त्याच्या जागेवरून सांगायच्या. आणि माफी मागायला लावायचं नाही. वाचनकट्ट्यावर हा प्रयोग केला की निम्मे जण बापाला रडवतात आणि मिठी मारायला लावतात. ती इच्छा आपली असते, पुस्तकाची नसते. हेरमानला गॅलरीची रात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठवतही नसेल, अशी शक्यता धरून लिहिलेलं पान जास्त खरं उतरतं.

गटात करायचं असेल तर पानं नावाशिवाय गोळा करा आणि दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या. घरातलं काहीतरी त्यात हमखास उतरतं, आणि ते कोणाचं आहे हे विचारायचं नाही, असं बैठकीच्या सुरुवातीलाच ठरवून टाका. दोन तासांच्या बैठकीत पायरी दोन आणि तीनला एक तास द्या, या पायरीला अर्धा, बाकीच्या सगळ्यांना मिळून उरलेला अर्धा. 'अक्करमाशी'सारखं पुस्तक निवडलं असेल तर हे पान कोरं सोडा आणि का सोडलं ते खाली दोन ओळींत लिहा.